लाल डगला कोणाच्या अंगावर

‘बेताल’ ही चार भागांची भयमालिका नेटफ्लिक्सवर २४ मे २०२० रोजी आली. पॅट्रिक ग्रॅहम यांनी ती रचली आणि निखिल महाजन यांच्यासह दिग्दर्शित केली. रेड चिलीज एंटरटेनमेंट ही तिच्या निर्मात्यांपैकी एक संस्था. विनीत कुमार, आहाना कुमरा आणि सुचित्रा पिल्लई यांच्याबरोबर जितेंद्र जोशी आणि मंजिरी पुपाला हे मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचे चेहरे तिच्यात आहेत. मराठी वाचक नावापाशीच थोडा अडखळतो. मराठीत बेताल म्हणजे ताल सुटलेला, धरबंध नसलेला. हे नाव ज्याचे आहे त्याला आपण वेताळ म्हणतो.

पहिला भाग बोगद्याचा आहे. छत्तीसगडच्या जंगलातल्या एका आदिवासी गावाजवळ डोंगरात जुना, बुजवलेला बोगदा आहे. महामार्गासाठी तो मोकळा करायचा आहे आणि आत शापित शक्ती कोंडलेली आहे म्हणून गावकरी आडवे उभे आहेत. जितेंद्र जोशी यांनी रंगवलेला ठेकेदार मुधलवन बंडखोरांविरुद्ध लढणाऱ्या पोलिसांचे ‘बाज’ पथक बोलावतो. गावकऱ्यांवर नक्षलवादी असल्याचा शिक्का बसतो आणि त्यांना हुसकावले जाते. पथकाची प्रमुख त्यागी हुकूम देते, विक्रम सिरोही तो पाळतो. पण मागच्या एका कारवाईत हुकमावरून केलेले कृत्य विक्रमच्या मनातून जात नाही. मग बोगदा उघडतो. आतून येतात ते १८५७ च्या उठावाच्या काळात तिथे गाडले गेलेले ईस्ट इंडिया कंपनीचे सैनिक. अंगावर लाल डगले, अंधारात पेटलेले लाल डोळे, हातात बंदुका, आणि वर त्यांचा कर्नल.

चालत्या मुडद्यांची गोष्ट भारतीय पडद्यावर याआधी आली होती. ‘गो गोवा गॉन’ २०१३ चा, आणि या मालिकेनंतर २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट आला, ज्यात मुडदे होण्याचे कारण बाटलीबंद पाण्याच्या धंद्यात सापडते. मुडद्यांना कंपनी सरकारचा गणवेश चढवला तो ‘बेताल’ने. हे धाडस योग्य ठरले का, यावर दोन मते संभवतात, आणि ती तपासायला नागपुरातल्या सदरइतकी सोयीची जागा कमी सापडेल. लष्करी छावणीचा मुख्य बाजार तो सदर बाजार. वस्तीचे नाव तिथून आले. रेसिडेन्सी रोड अजून त्याच नावाने ओळखला जातो, शेजारच्या भागाला लोक अजून छावणीच म्हणतात, आणि सीताबर्डीचा किल्ला जवळच आहे. खालच्या संवादातली दोन माणसे कल्पित आहेत. मावशी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, भाचा व्हिडिओ एडिटर. दोघांचे घर सदरमध्ये.

मावशी : मला वाईट वाटलं ते वेताळासाठी. यांनी त्याला मुकं करून टाकलं रे. वेताळपंचविशीत प्रेत आहे, स्मशान आहे, काळोख आहे. पण तो वेताळ बोलतो. गोष्ट सांगतो आणि शेवटी न्याय विचारतो. उत्तर माहीत असून विक्रम राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकलं होतील. म्हणजे त्या गोष्टींतली भीती कशाची आहे? माहीत असून न बोलण्याची. आणि हे तुझे बोगद्यातले काय करतात? चावतात.

भाचा : पण मावशी, तू हीरोचं नाव पाहिलं ना? विक्रम. ते काय उगीच ठेवलं असेल? त्याच्या पाठीवर कोणी बसलेलं दिसत नाही, पण त्याला आतून कोणीतरी विचारूनच राहिलं आहे, की तू ते काहून केलं. प्रश्न वेताळाकडून काढून त्यांनी विक्रमच्या डोक्यात टाकला. मला तर ही जागा फार आवडली.

मावशी : मग वेताळाचं नाव काहून घेतलं? सैतान म्हणायचं. वेताळ राखणदार आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक चपला वाहतात, माहीत आहे ना?

आरवली हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ला तालुक्यातले गाव. तिथल्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामडी चपला अर्पण करण्याची रीत आहे. देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, त्या फिरण्याने चपला झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यात आमोण्याचा वेताळ आहे, पुण्यात वेताळाची टेकडी आहे. संस्कृतातल्या पंचवीस गोष्टी सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त अकराव्या शतकात आल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी त्या मराठी गद्यात आणल्यावर घराघरांत गेल्या. ग्रामदैवत असो की कथेतला, वेताळ भयंकर आहे आणि न्यायीही आहे. त्याच्याजवळ स्वतःची बुद्धी आहे. झॉम्बीजवळ नेमकी तीच नसते. मावशीचा आक्षेप या फरकावर उभा आहे आणि तो सहज झटकण्याजोगा नाही.

भाचा मात्र झॉम्बीच्या जन्मापाशी जातो, आणि तिथे वादाला वेगळे वळण मिळते.

भाचा : झॉम्बी म्हणजे अमेरिकेचा माल, असं तुला वाटते. पण तो हैतीचा आहे, गुलामांचा. उसाच्या मळ्यात राबराब राबून माणूस मेला, की त्याची सुटका होते. म्हणून त्या लोकांची सगळ्यात मोठी भीती कोणती होती? मेल्यावरही सुटका न होण्याची. कोणीतरी मंत्र घालून उठवेल आणि पुन्हा मळ्यात उभं करेल. चावणं-फिवणं सगळं नंतरचं.

हैती ही पूर्वी सँ-डोमिंग नावाची फ्रेंच वसाहत होती, साखर आणि कॉफीसाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांवर चालणारी. १७९१ मध्ये तिथे गुलामांचा उठाव झाला आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकी सैन्याने हैतीचा ताबा घेतला होता. त्या दिवसांत विल्यम सीब्रुक या प्रवाशाने १९२९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातून झॉम्बी इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला, आणि १९३२ च्या ‘व्हाइट झॉम्बी’ या चित्रपटात साखरेच्या गिरणीत मुकाट राबणारे मृत मजूर दिसले. माणूस खाणारा, झुंडीने चालणारा मुडदा जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये घडवला, त्या चित्रपटात झॉम्बी हा शब्द उच्चारलाही जात नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू होऊन अकरा पर्वे चाललेल्या ‘द वॉकिंग डेड’ने तोच मुडदा घरोघरच्या टीव्हीवर नेला. या प्रवासात मळा मागे पडला, मालक दिसेनासा झाला आणि उरली ती फक्त झुंड. ‘बेताल’मध्ये झुंडीला पुन्हा मालक मिळाला आहे. हे मुडदे कर्नलच्या हुकमाने चालतात, रांग धरतात, नेम धरतात. मुडद्यांच्या हाती बंदुका ही कल्पना विचित्र वाटू शकते. पण कवायतीत घडवलेले शरीर मन गेल्यावरही कवायत करत राहील, हे सुचणे साधे नाही.

भाचा : आणि मीठ. गावकरी त्या मुडद्यांना दूर ठेवायला हळद, राख आणि मीठ वापरतात. हैतीच्या गोष्टीतही मीठ आहे. झॉम्बीला मीठ चाखू द्यायचं नाही. चाखलं, की तो जागा होतो. आपण मेलेले आहोत हे त्याला कळते आणि तो सरळ आपल्या कबरीकडे चालू लागतो.

मावशी : मिठानं जागा होतो?

भाचा : हो.

मावशी : आपल्याकडे बरोब्बर उलटं आहे रे. आपण खाल्ल्या मिठाला जागतो. म्हणजे ज्यानं मीठ दिलं त्याच्याशी बांधलेले राहतो. शब्द तोच, जागणं. तिकडं मीठ खाल्लं की माणूस धन्याला सोडून जातो, इकडं मीठ खाल्लं की धन्याला सोडता येत नाही. कंपनीचे शिपाई हेच म्हणत ना, की आम्ही कंपनीचं मीठ खाल्लं आहे.

इथून मावशीचा खरा आक्षेप सुरू होतो, आणि तो वेताळाविषयी नाही. तो लाल डगल्याविषयी आहे. मालिकेतल्या लाल डगल्यांतून गोरे चेहरे पाहतात. सदरच्या इतिहासात ते डगले कोणी घातले होते, हे सीताबर्डीच्या लढाईच्या हकिकतीवरून कळते.

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची तुकडी यांच्यात सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई पेटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स टेकड्यांच्या पायथ्याशी राहत होता. भोसल्यांचे सैन्य कंपनीच्या तुकडीच्या कितीतरी पट होते आणि त्यांच्या बाजूने पगारी अरब चिवटपणे लढले. लहान टेकडी अरबांनी घेतली. मग कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने हल्ला चढवला, टेकडी परत कंपनीकडे गेली आणि लढाईचे पारडे फिरले. ती तुकडी प्रामुख्याने मद्रासच्या देशी पायदळाची होती, विसाव्या आणि चोविसाव्या पलटणींची. घोडदळ बंगालचे. अधिकारी इंग्रज, शिपाई इथले.

चोविसाव्या पलटणीची कथा तर भयकथेच्या लेखकालाही सुचली नसती. ती मूळची मद्रासची पहिली पलटण. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला. नव्या घाटाची पगडी घाला, कपाळावरची गंधे पुसा, दाढ्या काढा, या हुकमांनी तो पेटला होता. उठाव एका दिवसात चिरडला गेला. शिक्षा म्हणून त्यात सामील पलटणींचे क्रमांक सैन्याच्या यादीतून खोडण्यात आले, आणि पहिली पलटण चोविसावी म्हणून नव्याने उभी केली गेली. अकरा वर्षांनी सीताबर्डीवर तिने कंपनीसाठी रक्त सांडले. त्याचे बक्षीस म्हणून तिने आपला जुना क्रमांक आणि डगल्यावरच्या पट्टीचा जुना रंग परत मागितला, आणि तो मिळाला. नको असलेला हुकूम नाकारला म्हणून जिचे नाव मारले गेले, ती हुकमाने लढून नावासकट पुन्हा उठली.

मावशी : वर्गात मी ही लढाई दरवर्षी शिकवली. भोसले हरले, इंग्रज जिंकले, झालं. एकदा एका पोरीनं विचारलं, मॅडम, टेकडीवर मेले ते कोण होते? मी म्हटलं, इंग्रजांचे सैनिक. तिनं वहीत लिहून घेतलं. ते अजून माझ्या मनात सलते. म्हणून म्हणते, बोगद्यातून सगळे गोरे काढले की गोष्ट फार सोपी होते. ते परके, आपण आपले. इथं तसं कुठं होतं?

भाचा : ते बरोबर आहे. पण मी वेगळं पाहतो. लाल डगल्यातले गोरे आहेत, मान्य. मग त्यांच्यासाठी बोगदा उघडून कोण देते? ‘बाज’ पथक. सगळी आपलीच पोरं. हुकूम आला, गाव रिकामं केलं, आतला दगड हलवला. तू म्हणते ते मद्रासचे शिपाई बोगद्यात नाहीत, ते बोगद्याच्या तोंडाशी उभे आहेत. आजच्या गणवेशात.

मावशी : हे तू जोडून राहिला. एपिसोडमध्ये आहे का?

भाचा : त्यागी आणि विक्रमचं नातं काय आहे मग? ती हुकूम देते, तो चांगला सैनिक होऊन दाखवतो. पहिल्या भागात बोगदा उघडायच्या आधी अर्धा वेळ तेच चालू आहे. नुसते मुडदेच दाखवायचे असते, तर एवढा वेळ कोण घालवते?

भाच्याच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. संकलनाच्या दृष्टीने पहिला भाग मुडद्यांना बराच काळ रोखून धरतो आणि तोवर आज्ञापालनाचे धडे दाखवतो. मात्र मावशीची शंकाही उरते. प्रेक्षकाला शेवटी आठवतात ते लाल डोळे. त्यामागचा हुकमाचा धागा हाती लागायला भाग दुसऱ्यांदा पाहावा लागतो.

कथेने १८५७ हे साल निवडले आहे, तेव्हा त्या वर्षी नागपुरात काय झाले हेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले होते. जून १८५७ मध्ये टाकळीच्या छावणीतल्या घोडदळाने शहरातल्या काही लोकांशी मिळून उठावाचा बेत केला. तो फुटला. कामठीहून मद्रासचे शिपाई आले आणि त्यांच्या बळावर अधिकाऱ्यांनी तो दडपला. कामठीची छावणी १८२१ ची, कन्हान नदीकाठची. घोडदळातले काही देशी अधिकारी आणि शहरातले पुढारी यांना सीताबर्डीच्या तटावर फाशी देण्यात आली. दुसऱ्या रघूजींच्या विधवा राणी बाकाबाई यांनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. म्हणजे उठणारेही इथले, दाबणारेही इथले, आणि त्यांच्यात मिठाचाच काय तो फरक. किल्ल्यात १८१७ साली पडलेल्यांच्या कबरी आहेत, आणि ‘नऊगज अली बाबा’ म्हणून ओळखले जाणारे स्थानही आहे. १८५७ मध्ये फाशी गेलेले तिथे पुरले आहेत असे लोक मानतात. एकाच तटाच्या आत दोघेही.

भाचा : आणि कस्तुरचंद पार्कवर खोदकामात तोफा निघाल्या होत्या, आठवते? मैदान तेच, जिथं आपण सभा पाहायला जायचो. खाली तोफा होत्या. ‘बेताल’ पाहताना मला तेच आठवलं.

मावशी : तोफा निघाल्या तेव्हा सगळे फोटो काढायला गेले. त्या कोणी ओढून आणल्या, हे कोणी विचारलं का?

आदिवासींच्या चित्रणाविषयी दोघांत वाद होत नाही, आणि तो होऊही नये. मालिकेतले गावकरी पूजा करतात, अंगाऱ्याने भारतात, शाप सांगतात. सभा घेत नाहीत, कागद मागत नाहीत. प्रत्यक्षात ओडिशातल्या नियमगिरी डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि डोंगरिया कोंधांच्या प्रदेशातल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. नागपूरच्या वाचकाला तर इतके दूर जायला नको. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि त्याच डोंगरात माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. त्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. डोंगर पवित्र आहे असे म्हणणारी माणसे कायद्याचे कलमही सांगतात. मालिकेने त्यांच्या हाती हळद दिली आणि कलम काढून घेतले. भयकथेत आदिवासी नेहमी इशारा देण्यापुरताच येतो, ही जुनी खोड इथेही सुटलेली नाही.

परत वेताळापाशी यावे लागते, कारण मावशीच्या पोतडीत एक गोष्ट राहिली होती, आणि ती तिच्याच मताविरुद्ध जाते.

मावशी : एक सांगते. तुझ्या बाजूचं आहे, पण सांगते. अमावास्येच्या रात्री वेताळाची पालखी निघते, असं आमची आजी सांगायची. पुढं मशाली, मागं भुतांची फौज, वाजतगाजत. वाटेत कोणी सापडला तर त्यानं आडवं पडून राहायचं, मान वर करून पाहायचं नाही. बोगद्यातून ते रांगेनं निघाले ना, तेव्हा मला ती पालखीच दिसली. तेवढ्यापुरता तो वेताळ खरा होता.

भाचा : मग नाव घेतलं ते चुकलं नाही म्हणायचं?

मावशी : नाव चालेल. पण पालखीत वेताळ मालक असतो रे, कोणा कर्नलचा भाडोत्री नसतो. इथं त्या गोऱ्यानं आमच्या वेताळालाही नोकरीला ठेवलं.

भाचा : तेच तर ते दाखवून राहिले ना. डोंगर घेतला, जंगल घेतलं, देव पण घेतला.

वेताळाची पालखी ही महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी सांगितली जाणारी समजूत आहे. तिच्यातली फौज आणि मालिकेतली फौज यांच्यातले साम्य ठरवून आणलेले आहे की योगायोग, याने फारसे बिघडत नाही. महत्त्वाचे आहे ते भाच्याचे शेवटचे वाक्य. ते मान्य केले तर वेताळाचे मुके होणे ही मालिकेची चूक राहत नाही. ज्याच्यावर राज्य केले गेले त्याची वाचा गेली, असा त्याचा अर्थ लागतो. ते मान्य नसेल, तर एका बोलक्या दैवताला आयत्या साच्यात बसवल्याचा दोष राहतो. पहिल्या भागात दोन्ही अर्थांना पुरावा आहे. मालिकेने पुढच्या तीन भागांत या प्रश्नाकडे पाठ फिरवून पळापळीला जास्त जागा दिली, हे दोघांनाही खटकते.

लाल डगल्याविषयीचे मत मात्र मावशी बदलत नाही.

मावशी : मी लिहिलं असतं ना, तर त्या रांगेतल्या निम्म्यांचे चेहरे आपल्यासारखे ठेवले असते. ‘बाज’मधला एखादा जवान बंदूक रोखतो आणि समोरच्याच्या तोंडून आपल्या आजीच्या भाषेतला शब्द निघतो. मग त्याचा हात काय करतो, ते दाखवलं असतं.

भाचा : लोकांनी पाहिलं असतं?

मावशी : ते मला काय माहीत बाबू. तू पाहिलं असतं का?

भाचा : मी ते एडिट करायला मागितलं असतं.

सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात असल्याने एरवी बंद असतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी तो लोकांसाठी उघडतो, आणि तेव्हा त्या कबरींपर्यंत जाता येते.